जोत्यापर्यंत

तुला सुताराचा पोरगा म्हणतात.
पण आमच्या गालीलात एवढं लाकूड होतं कुठे?
तुझ्याही नखांत चुनाच असणार,
माझ्या बापाच्या असायचा तसा.
म्हणून तुझी ती दोन घरांची गोष्ट
आम्ही पुस्तकात वाचायच्या आधी
खणून पाहिली.

उन्हाळ्यात इथली माती लोखंड होते.
पहार मारली की ठिणगी उडते.
शेजारचा घत्तास तिच्यावर टाच आपटून म्हणाला,
"नखले, हा खडकच की! आणखी काय हवंय?"
आणि महिन्याभरात त्याच्या खिडक्यांना पडदे लागले.

माझा बाप खाली गेला.
गुडघाभर, मग कमरेएवढा,
मग नुसती टोपी दिसायची,
मग टोपीही नाही,
टोपलीभर माती वर यायची
आणि तिच्यामागून खोकला.
आई वाकून विचारायची, "लागला?"
खालून उत्तर यायचं,
"माती बोलतेय अजून."
माती घाव गिळते, तो सांगायचा,
खडक तो हाताला परत देतो.

ऑलिव्ह झोडायच्या दिवसांत लागला.
तोवर पैसे संपले होते.
जोतं झालं, वर एक थर चढला,
कोपऱ्यात बसला एक काळा धोंडा,
पांढऱ्यांत शोभत नाही म्हणून
खाणवाल्याने फुकट दिलेला.
तिथेच थांबलं काम.

मग गावाला तुझी दुसरी गोष्ट आठवली,
बुरूज बांधायला निघालेल्या माणसाची,
आधी बसून हिशेब न केलेल्या.
भट्टीवर, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर
लोक ती हसू दाबून सांगायचे.
पोरं आमच्या जोत्यावर बसून
टरबुजाच्या बिया थुंकायची.

मी नऊ वर्षांची होते.
तेव्हापासून तुला विचारतेय:
खडकापर्यंत पोचलेला
आणि छपरापर्यंत न पोचलेला माणूस
तुझ्या कुठल्या गोष्टीतला?
दोन्ही गोष्टी सांगताना
तू आमच्याच रस्त्याने चालला होतास ना?

संध्याकाळी बाप जोत्यावर जाऊन बसे, अनवाणी.
ओठ हलायचे.
प्रार्थना असेल म्हणून मी पाय न वाजवता जवळ गेले,
तर तो दगड मोजत होता,
अजून किती कमी पडतात ते.
आता वाटतं, मी पहिल्यांदा ऐकलं तेच खरं असेल.

तिसऱ्या हिवाळ्यात वादी उठली.
दोन रात्रींत लोखंडाची कणीक झाली.
घत्तासच्या खिडकीवर आधी केसाएवढी भेग,
मग बोटाएवढी,
मग तिच्यातून त्यांचं मांजर बाहेर आलं.
मध्यरात्री कंदील घेऊन तो आमच्या जोत्यावर चढला,
मागे बायको, गाद्या, चार पोरं
आणि पोत्यात गुंडाळलेलं शिलाई मशीन.
बापाने ताडपत्री बांधली.
पाणी दोन्ही बाजूंनी गेलं.
घत्तासची बायको मुन्तहा सकाळपर्यंत
तळहात जमिनीवर टेकवून बसली होती,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

वसंतात घत्तास गाढव घेऊन आला,
पडलेल्या घराचे दगड लादून.
"चांगले आहेत रे," तो म्हणाला.
"बिचारे उभे चुकीच्या जागी होते."
बापाने एक उचलला, ठोकून पाहिला, बाजूला ठेवला.
दुसरा उचलला.
शंभरेक तरी नाकारले त्याने, मैत्रीची भीड न धरता.
उरलेल्यांचं घर झालं, मधे एक भिंत,
दोन चुली, आणि त्या भिंतीवरून
तीस वर्षं भांडणं.

बाप गेला. घत्तासही.
काळा धोंडा तिथेच आहे, त्यावर मी मिरच्या वाळवते.
परवा नवे फादर आले, कॉफी प्यायले,
म्हणाले, एवढ्या आयुष्यानंतर
तुमची श्रद्धा तर खडकावर असेल.

मी आत कान लावला.
त्यांना म्हटलं,
माती बोलतेय अजून.